मँचेस्टर, मुंबई आणि आमची तोंडवली

पोस्ट लांब आहे. फुटबॉलशी ज्यांना देणंघेणं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात गिरणी आहे, चाकरमानी आहेत आणि आपल्याकडच्या मैदानांचं काय झालं तेही आहे.

२६ डिसेंबर २०२५. नाताळचा दुसरा दिवस. मालवणात पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला आणि मी त्या कोंडीची बातमी करण्यात गुंतलेला. मोबाईलवर दुसरीच बातमी आली. 'सिटी फुटबॉल ग्रुप'नं मुंबई सिटी एफसी या क्लबमधला आपला सगळा हिस्सा सोडला. कारण दिलं होतं, इंडियन सुपर लीगच्या भवितव्याबद्दलची अनिश्चितता. मी पर्यटकांची बातमी पाठवली. फुटबॉलची बातमी आमच्या आवृत्तीत कुणी छापणार नव्हतंच. पण रात्री झोप लागली नाही.

कारण सांगतो. मी मँचेस्टर सिटीवाला आहे. आजचा नाही, बऱ्याच वर्षांचा.

२००२ साली मी कोल्हापूरला पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. भाऊबीज उरकून गावाहून परत आलेलो, खिशात पैसे नाहीत, खोलीवर चकल्यांचा डबा. ९ नोव्हेंबरचा शनिवार. पेठेतल्या एका मित्राच्या घरी टीव्हीवर मॅच लागली, मँचेस्टरचे दोन क्लब समोरासमोर. घरातले सगळे लालवाले, म्हणजे युनायटेडचे. बेकहॅमची पोस्टरं भिंतीवर. मी कोकणी, माझा स्वभाव आडवा. सगळे एका बाजूला बसले की मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसणार. निळ्यांकडून एक शॉन गोटर नावाचा गडी खेळत होता, बर्म्युडा बेटावरचा. दिसायला फारसा डौलदार नाही, पळणंही तसंच. त्यानं गॅरी नेव्हिलसारख्या नामांकित बचावपटूच्या पायातला बॉल काढून घेतला आणि गोल केला. सिटीसाठी त्याचा तो शंभरावा गोल. मग अजून एक केला. ३-१. घरात सुतकी शांतता आणि मी एकटा नाचतोय. चहासुद्धा मिळाला नाही त्या दिवशी.

नंतर मी शोधून शोधून या क्लबबद्दल वाचत गेलो आणि कळलं, हे तर आपल्याच जातकुळीतले. १९३७ साली इंग्लंडचे विजेते, आणि पुढच्याच मोसमात सगळ्यांपेक्षा जास्त गोल करूनही खालच्या विभागात घसरले! असा पराक्रम करायलाही वेगळीच पुण्याई लागते. १९५६ च्या एफए कपच्या फायनलमध्ये त्यांचा गोलकीपर बर्ट ट्राउटमन मानेचं हाड मोडलेलं असताना शेवटपर्यंत उभा राहिला. हा माणूस जर्मन, हिटलरच्या फौजेतला, युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आलेला. सुरुवातीला त्याला घेऊ नका म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते, पुढे त्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. १९९८ ला तर क्लब चक्क तिसऱ्या विभागात पोहोचला. १९९९ च्या मे महिन्यात युनायटेडनं बार्सिलोनात युरोपचा कप जिंकला आणि चारच दिवसांनी सिटीवाले वेम्बलीवर जिलिंगहॅम नावाच्या टीमशी वर चढण्यासाठी झगडत होते. नव्वदाव्या मिनिटाला ०-२ नं मागे होते. दोन गोल केले, दुसरा तर पंचाण्णवाव्या मिनिटाला, मग पेनल्टीवर जिंकले. माझ्या मते आजचा सगळा डोलारा त्या पाच मिनिटांवर उभा आहे. त्या दिवशी हरले असते तर पुढे कुठल्या शेखनं हा क्लब विकत घेतला असता?

असो. मला सांगायचंय ते याच्याही आधीचं.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. तोंडवली ते परळ हा प्रवास आमच्या गावातल्या कित्येक घरांनी केलाय. भाताची एक कापणी, थोडे माड, रापणीतला वाटा, एवढ्यावर घर चालत नसे. म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईला. गावकऱ्यांचा गाळा, त्यात पाळीपाळीनं झोपायचं, बाईच्या खानावळीत जेवायचं आणि महिन्याला मनीऑर्डर. आजोबांच्या साच्यावर इंग्रजी अक्षरांची लोखंडी पाटी होती. त्यांना ती वाचता येत नव्हती, पण मुकादमानं सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. म्हणायचे, "मशीन मँचेष्टरचा, घाम आमचो."

लहानपणी मला वाटायचं, मँचेस्टर ही एखादी कंपनी असावी.

मँचेस्टर आणि मुंबई ही जुळी शहरं नव्हेत, पण एकमेकांच्या ताटातलं खाऊनच दोघी मोठ्या झाल्या. मँचेस्टरच्या भोवतालच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना लागणारा पाऊण हिश्शाहून जास्त कापूस अमेरिकेतून जायचा, तिथल्या गुलामांनी वेचलेला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि हा कापूस थांबला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद, मजुरांची उपासमार. तो खड्डा भरायला मुंबईतून कापूस निघाला आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. प्रेमचंद रायचंद वगैरे मंडळींचं नशीब त्याच काळातलं, राजाबाई टॉवरला लागलेला पैसाही त्यांचाच. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, कंपन्या आणि बँका बुडाल्या. लोक रस्त्यावर आले. पण या उलाढालीतून मुंबईला भांडवल आणि गिरणीची चटक दोन्ही लागलं. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्येच पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला होता. आता गिरण्या उगवू लागल्या. यंत्रं सगळी लँकेशायरची. आणि ती चालवायला आमची माणसं, जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, तो १९८१ ला झाला.

आता गंमत बघा. ज्यांनी यंत्रं विकली त्यांनाच पुढे मुंबईच्या कापडाची भीती वाटायला लागली. मग त्यांनी लंडनच्या सरकारवर दाब आणला. १८८२ ला परदेशी कापडावरची आयात जकात उठवली गेली. १८९६ ला तर इथल्या गिरण्यांच्या कापडावरच साडेतीन टक्के कर बसवला. आपल्या देशात, आपल्या कापडावर, मँचेस्टरला त्रास होऊ नये म्हणून! जवळजवळ तीस वर्षं तो कर चालला. आणि याच लँकेशायरवाल्यांना एकाएकी मुंबईच्या मजुरांची दया आली. इथले कामगार किती तास राबतात, बायका-मुलांचे किती हाल होतात, कायदा करा, असा त्यांनी धोशा लावला. दया कसली, मुंबईचा माल महाग व्हावा हा हिशेब. पण हिशेबातून का होईना, कायदे झाले.

मात्र रविवारची सुट्टी मँचेस्टरनं दिली असं कुणी म्हणू नये. ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवली. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आमच्याच धंद्यातला माणूस. १८८४ ला त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली, संघटना उभी केली, हजारो सह्यांचा अर्ज केला. त्यात पहिली मागणी आठवड्याच्या सुट्टीची. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी ती मान्य केली, आणि पुढच्या वर्षी कायद्यातही आली. आज रविवारी मटण आणायला जो जो रांगेत उभा राहतो त्यानं लोखंड्यांचं नाव एकदा तरी घ्यावं.

हे फुटबॉलच्या पोस्टमध्ये कशाला? कारण सुट्टीतून खेळ जन्माला येतो. इंग्लंडात १८५० च्या कायद्यानं शनिवारी दुपारी दोनला गिरण्या थांबू लागल्या. दोनला भोंगा, मग घर, तोंड धुणं, आणि तीनला मैदान. इंग्लंडात मॅच शनिवारी तीनला सुरू व्हायची जी रीत आहे ती अशी पडली. कामगाराच्या हातात पहिल्यांदा रिकामी दुपार आली. त्या दुपारी एक तर तो दारूच्या गुत्त्यात जायचा, नाही तर मारामाऱ्या करायचा. पूर्व मँचेस्टरच्या गॉर्टन भागात सेंट मार्क्स नावाचं चर्च होतं. तिथल्या पाद्र्याची मुलगी ॲना कॉनेल हिनं पोरांना वाईट नादापासून दूर ठेवायला पुरुषांचे मेळावे सुरू केले आणि त्यातूनच पुढे चर्चच्या माणसांनी टीम काढली, असं मानलं जातं. नोव्हेंबर १८८० मध्ये या टीमची पहिली नोंदलेली मॅच झाली. हरले, २-१ नं. सुरुवातच परंपरेला साजेशी. तीच टीम पुढे आर्डविक झाली आणि १८९४ ला मँचेस्टर सिटी. म्हणजे गरीब वस्तीतल्या पोरांना उद्योग हवा म्हणून एका बाईनं केलेल्या खटपटीत या क्लबचं मूळ. युनायटेडचंही तसंच, ते रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातले कामगार.

जाता जाता, याच गॉर्टनमधल्या बेल व्ह्यू मैदानावर २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी हॉकीचं सुवर्ण जिंकलं. आणि त्या स्पर्धेसाठी बांधलेलं मोठं स्टेडियम म्हणजेच सिटीचं आजचं घर.

मग मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाल्यावर त्यानं काय केलं? भजनी मंडळं काढली, दशावतार आणि नाटकं बसवली, व्यायामशाळा काढल्या आणि कबड्डी खेळला. फुटबॉल का नाही? मुंबईत फुटबॉल नव्हता असं नाही. रोव्हर्स कप १८९१ ला सुरू झाला, म्हणजे कामगारांना रविवार मिळाला त्याच्या पुढच्याच वर्षी. पण तो गोऱ्या पलटणींचा खेळ. १९३७ ला बंगलोर मुस्लिम्सनी जिंकेपर्यंत एकाही बिगरलष्करी टीमच्या हाती तो कप लागला नव्हता. परळ-लालबागहून कूपरेज म्हणजे दुसरा देश. आणि खरी गोष्ट जागेची. कबड्डीला दोन चाळींच्या मधला पट्टा पुरतो. बॉल नको, बूट नकोत. फुटबॉलला मैदान लागतं, आणि गिरणगावात यंत्रांना जागा होती, माणसांना नव्हती. मला कुणी विचारलं की महाराष्ट्र फुटबॉलमध्ये मागे का, तर मी आधी चौरस फुटांचा हिशेब मांडतो, पोरांच्या अंगात दम आहे की नाही ते नंतर.

तरी या शहरानं खेळाडू दिले. नेव्हिल डिसोझा हे मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचे, मूळ गोव्याचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले, भारत ४-२ नं जिंकून उपांत्य फेरीत गेला आणि शेवटी चौथा आला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. किती मुंबईकरांना हे नाव माहीत आहे? मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, महिंद्रा, बँका, सगळ्यांच्या टीम होत्या. पोराला नोकरी मिळायची, संध्याकाळी सराव. मालकाच्या मर्जीवर का होईना, चूल पेटायची.

मग १८ जानेवारी १९८२. डॉक्टर सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, आणि बहुतेक परत आत गेलीच नाहीत. आजोबा गावी आले ते कायमचे. मी लहान होतो, मला आठवतं ते एवढंच की ते पहाटे ठरल्या वेळी उठायचे आणि भोंगा होत नाही म्हणून अंगणात अस्वस्थ फिरायचे.

गिरण्या गेल्या, जमिनी राहिल्या. १९९१ च्या नियमात एक वाटणी ठरली होती. गिरणीची जमीन विकायची तर साधारण एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांना, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ ला नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची करायची नाही, फक्त जी आधीच रिकामी आहे तिची. २००६ ला सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं. म्हणजे शेड पाडून मोकळी झालेली जागा 'मोकळी' धरायची नाही! त्या एका वाक्यानं किती मैदानं गेली असतील ते लोअर परळच्या पुलावर उभं राहून मोजा.

आता परत मँचेस्टरला. १ सप्टेंबर २००८ ला अबू धाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांच्या गटानं सिटी विकत घ्यायचा करार केला आणि त्याच दिवशी रियाल माद्रिदकडून रॉबिन्यो आला. रातोरात आम्ही गरिबाचे श्रीमंत झालो. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. १३ मे २०१२ ला शेवटच्या मिनिटांत अग्वेरोनं गोल मारून ४४ वर्षांनी लीग जिंकून दिली, तेव्हा तोंडवलीत लाइट गेलेली होती आणि मला तो गोल एका मित्राच्या फोनवर ऐकू आला. तो ओरडत होता, काय ओरडतोय ते कळत नव्हतं, पण कळलं. पुढे गार्डिओला, एकाच मोसमात तीन मोठे करंडक, लागोपाठ चार लीग.

माझं मत विचाराल तर या सगळ्यात मी सुखी होतो आणि थोडा खजीलही. प्रीमियर लीगनं फेब्रुवारी २०२३ मध्ये पैशांच्या नोंदींबाबत क्लबवर शंभराहून जास्त आरोप ठेवले. क्लब ते नाकारतो. सुनावणी २०२४ च्या डिसेंबरात संपली आणि २०२५ चं अख्खं वर्ष निकालाविना गेलं. आपल्याकडची कोर्टं उगाच बदनाम आहेत! आरोप खरे ठरले तर करंडक काढून घ्यावेत, असं मी सिटीवाला असून म्हणतो. माझे निळे मित्र यावर चिडतात. दुसरी टोचणी वेगळी. माझा मावसभाऊ अबू धाबीत बांधकामावर सुपरवायझर होता. तो म्हणायचा, "तुझा क्लब आमच्याच शेठचा." आधी आम्ही मँचेस्टरच्या साच्यावर घाम गाळला, मग मँचेस्टरच्या मालकाच्या देशात. तेल त्यांचं, हे खरं. पण उन्हात उभं राहून ती शहरं बांधली कुणी, ते आपल्या किनारपट्टीवरच्या घरांना विचारा.

आणि तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या पैशानं पूर्व मँचेस्टरच्या ओसाड पडलेल्या कारखान्यांच्या जमिनीवर ८० एकरांच्या आसपास अकादमी उभी राहिली, सरावाची मैदानं झाली. शेजारच्या स्टॉकपोर्टचा फिल फोडेन याच क्लबच्या पोरांच्या टीममधून वर आला. २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप आपल्याकडे झाला, तेव्हा कोलकात्यातल्या फायनलमध्ये त्यानं दोन गोल मारले आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा. दोघं एकाच वयाचे. दोघांचं पुढं काय झालं यावरून पायात किती कसब होतं ते ठरवू नका, पायाखाली काय होतं ते बघा.

मुंबई सिटी हा क्लब २०१४ चा, रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांचा. पहिला कोच पीटर रीड, एकेकाळचा मँचेस्टर सिटीचा खेळाडू-मॅनेजर. टीममध्ये निकोलस अनेल्का, तोही आमचाच जुना, त्या ३-१ च्या मॅचमध्ये पहिला गोल त्याचाच. मला तेव्हाच वाटलं होतं, पाणी कुठे तरी एकत्र होणार. २०१९ च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपनं ६५ टक्के हिस्सा घेतला. न्यूयॉर्क, मेलबर्न, योकोहामा, जिरोना या माळेतला मुंबई हा आठवा मणी. मी पेढे वाटले. बायको म्हणाली, "तुमका काय मिळाला त्यातून?"

मिळालं की. सहा वर्षांत चार करंडक. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला फायनल होती, मोहन बागानशी. तोंडवलीहून मडगाव म्हणजे तीन-चार तासांची वाट. पण कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल मारला आणि ज्या गावाच्या बाजारात आम्ही काजूबिया विकायला गेलो असतो तिथं आमचाच क्लब चॅम्पियन होताना मी घरात बसून टीव्ही बघत होतो. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या क्लबला हरवलं, तसं करणारा पहिला भारतीय क्लब. २०२३ ला अल हिलाल नवी मुंबईत आला. नेमार जखमी म्हणून आलाच नाही, तरी लोकांनी गर्दी केली. आम्ही हरलो, ०-२. पण जगातल्या बड्या क्लबशी आपण आपल्या अंगणात खेळलो.

मग लीगचंच गाडं अडलं. फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे सगळ्यांना १५ वर्षांपासून माहीत होतं. तरी नवा करार झाला नाही. जुलैत लीग थांबवली. निविदा काढली तर एकही बोली आली नाही. खेळाडूंचा मोसम घरात गेला. त्याच डिसेंबरात, १४ तारखेला, वानखेडेवर मेस्सी आला. मुख्यमंत्री, सचिन, कॅमेरे. सरकारनं लहान मुलांच्या प्रशिक्षणासाठी 'प्रोजेक्ट महादेवा' जाहीर केला. चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण सुनील छेत्री त्याच मैदानावर उभा होता आणि त्याच्या देशाची लीग तेव्हा कुठे होती? बारा दिवसांनी मँचेस्टरवाले निघून गेले.

मी त्यांना शिव्या घालणार नाही. धंदा आहे, हिशेब बसला नाही, गेले. १८६५ लाही कापसाचा भाव पडल्यावर लँकेशायरवाले असेच वळले होते. आमच्या तोंडवली-वायंगणीला कधी काळी सी-वर्ल्ड येणार होतं. किती बैठका, किती मोर्चे, किती नकाशे. मी स्वतः त्याच्या बातम्या लिहून दमलो. आलं नाही. बाहेरून येणारा पैसा आणि बाहेर जाणारा पैसा दोन्ही बघायची आम्हाला सवय आहे.

राग आहे तो आपल्यावर. मुंबई सिटीचे मालक आता पुन्हा जुनेच आहेत, क्लब संपलेला नाही. पण त्याचं स्वतःचं स्टेडियम नाही. तो खेळतो ते अंधेरीचं संकुल महापालिकेचं, आणि तिथं जेमतेम सात-आठ हजार माणसं मावतात. सव्वा कोटीच्या शहरात. त्याच्या आधी महिंद्रा युनायटेड होता, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० ला कंपनीनं तो बंद केला आणि दुसऱ्या दिवशी कुठेही रस्ता अडला नाही. कारण तो क्लब कुणाच्या गल्लीचा नव्हता.

कोल्हापुरात असं करून दाखवा. पाटाकडील तालीम बंद करतो म्हणा, बघा काय होतं! दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावं कुणा कंपनीची नाहीत. तालमी आहेत त्या, पेठेच्या. गणपतीची वर्गणी गोळा करतात तीच माणसं बुटांचे पैसे उभे करतात. डिप्लोमाच्या वर्षी शाहू स्टेडियमवर मी कमीत कमी वीस मॅच बघितल्या असतील. शिव्या ऐकल्या, हलगी ऐकली, एकदा दगडफेकीत चप्पल गमावली. दर्जा काय, तर भारतातल्या लीगच्याही खालचा. हुल्लडबाजी आहे, त्यापायी स्पर्धा थांबल्यात, त्याचं समर्थन करणार नाही. पण सेंट मार्क्सच्या पोरांचा क्लब १८८० ला जसा असेल तसा बघायचा तर मँचेस्टरला जायची गरज नाही. अंबाबाईचं दर्शन घ्या आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला शाहू स्टेडियमवर जा.

आणि याचसाठी ही पोस्ट. मी गिरणगावातल्या फुटबॉलबद्दल जमेल तेवढं गोळा करतोय. मफतलाल, ओर्के, टाटा किंवा कुठल्याही गिरणीच्या, कंपनीच्या टीममध्ये तुमच्या घरातलं कुणी खेळलं असेल, ग्रुप फोटो असेल, जुनी जर्सी, ओळखपत्र, सर्टिफिकेट, काहीही असेल, तर मेसेज करा. मालवण-देवगड-वेंगुर्ल्याकडे असाल तर मी स्वतः येऊन फोटो काढून घेईन, वस्तू तुमच्याकडेच राहील. फक्त पावसाच्या आधी सांगा. आमच्याकडे आजोबांच्या ट्रंकेतले कागद आम्ही असेच ओल लागून घालवलेत.